गच्चीवरचा अँटेना पोल : पाईप किती इंची, हा शेवटचा प्रश्न

प्रश्न असा आहे : बावधनमधल्या सात मजली सोसायटीच्या गच्चीवर एका सभासदांना हॅम रेडिओसाठी (छंद म्हणून, परवाना घेऊन चालवायचा रेडिओ) 6 मीटरचा लोखंडी पोल उभा करायचा आहे. वर तीन एलिमेंटचा यागी अँटेना, म्हणजे एका दांडीवर ओळीने बसवलेल्या तीन आडव्या नळ्या. फॅब्रिकेटर म्हणतो, "तीन इंची पाईप, खाली एक फुटाची प्लेट, चार अँकर फास्टनर. साहेब, हत्ती बांधा, हलणार नाही. आणि पुण्यात वादळं येतात कुठं?" शेजारच्या इमारतीवर असाच पोल दहा वर्षं उभा आहे. सेक्रेटरींना विचारायचंय, परवानगी द्यावी का, आणि काय तपासून द्यावी.

त्याने सांगितलंय तसा पोल उभा करू देऊ नका. पोलाला माझी हरकत नाही. 6 मीटर उंची फार नाही, अँटेनाही मोठा नाही, आणि नीट बांधला तर तुमच्या इमारतीला त्याचा भार जाणवणारसुद्धा नाही. हरकत आहे ती त्या चार फास्टनरना, म्हणजे भोकात ठोकून घट्ट करायच्या बोल्टना. पाईपवर सगळे बोलतात कारण पाईप डोळ्यांना दिसतो. वाऱ्याचा जोर अँटेनातून पाईपमध्ये, पाईपमधून प्लेटमध्ये, प्लेटमधून बोल्टमध्ये आणि बोल्टमधून कशात जातो, हे कोणी विचारत नाही. मी पाहिलेल्या पडलेल्या पोलांपैकी बहुतेकांचा पाईप शाबूत होता.

आधी वाऱ्याचं बोलू. आयएस 875 (भाग 3) : 2015 हे आपल्याकडचं वाऱ्याचं मानक. त्यात पुण्याचा मूळ वेग 39 मीटर प्रति सेकंद आहे, म्हणजे ताशी 140 किलोमीटर. मुंबईचा 44. हा काही रोज वाहणारा वारा नव्हे. मोकळ्या मैदानात जमिनीपासून 10 मीटरवर, साधारण 50 वर्षांतून एकदा येणारा तीन सेकंदांचा झोत आहे. 50 वर्षांतून एकदा म्हणजे पन्नासाव्या वर्षी, असं नव्हे. कोणत्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता 2 टक्के. दहा वर्षांत एकदा तरी येण्याची शक्यता साधारण 18 टक्के. म्हणजे दहा वर्षं उभे असलेल्या पाचपैकी चार पोलांनी हा वारा पाहिलेलाच नसतो. शेजारचा पोल टिकला याचा अर्थ एवढाच, की त्याची परीक्षा अजून झालेली नाही.

पुण्यात वादळं येत नाहीत, असं म्हणणाऱ्यांनी 3 जून 2020 आठवावा. निसर्ग चक्रीवादळ कोकणात धडकलं आणि इथे झाडं कोसळली. पण गच्चीवरच्या पोलासाठी मी चक्रीवादळापेक्षा वळवाला जास्त भितो. एप्रिल-मेमध्ये दुपारी उकाडा, चारला आभाळ काळं, आणि पाऊस पडायच्या आधीची ती पाच-दहा मिनिटं. 17 एप्रिल 2023 ला पिंपरी-चिंचवडमध्ये किवळे इथे होर्डिंग पडून पाच जण गेले, 13 मे 2024 ला घाटकोपरला सतरा. दोन्ही तारखा पावसाळ्याच्या आधीच्या आहेत. होर्डिंग आणि पोल यांत फरक खूप आहे, पण वारा तोच, आणि गंजलेले, अर्धवट कसलेले पोल पावसाळ्यापूर्वीची डागडुजी व्हायच्या आधीच त्याच्या तावडीत सापडतात.

आता तुमच्या गच्चीचा हिशेब. स्टिल्ट धरून इमारत 24 मीटर, वर पोल 6, म्हणजे टोक 30 मीटरवर. बावधनला पश्चिमेकडून टेकड्या आणि मोकळी जागा असल्याने मी दाट वस्तीचा भूभाग धरणार नाही. मोकळ्या भूभागाचा 30 मीटरवरचा गुणक 1.12 घेईन. वेग झाला 43.7 मीटर प्रति सेकंद, ताशी 157 किलोमीटर. दाब काढायचा तर वेगाच्या वर्गाला 0.6 ने गुणायचं : दर चौरस मीटरला सुमारे 1150 न्यूटन, म्हणजे ढोबळ 115 किलो. वर्ग आहे हे लक्षात ठेवा. वारा दीडपट झाला की जोर सव्वादोनपट होतो.

इमारत टेकडीच्या माथ्यावर किंवा चढावर असेल तर गणित आणखी बिघडतं. मानकात उताराचा एक वेगळा गुणक आहे, तो 1.36 पर्यंत जातो. त्याचा वर्ग 1.85. सपाट जागेसाठी काढलेलं ड्रॉइंग उचलून टेकडीवरच्या बंगल्यावर वापरलं तर तिथे जोर जवळजवळ दुप्पट असू शकतो. सूस, बाणेर, कात्रज या बाजूंच्या कामात मी हे सगळ्यात आधी बघतो.

फॅब्रिकेटरचा तीन इंची पाईप म्हणजे 80 एनबी (पाईपचं नाममात्र माप, मिलिमीटरमध्ये), बाहेरचा व्यास 88.9 मिलिमीटर, मध्यम वर्गात जाडी 4 मिलिमीटर. गोल पाईपला वाऱ्याचा गुणक किती घ्यायचा यात बरेच जण घसरतात. कुठल्या तरी चिमणीच्या हिशेबातून 0.7 उचलतात. तो जाड नळकांड्यांचा आकडा आहे. व्यास (मीटरमध्ये) गुणिले वेग (मीटर प्रति सेकंदात) 6 च्या खाली असेल तर वारा पाईपमागे वेगळ्या तऱ्हेने सुटतो आणि गुणक 1.2 च्या आसपास जातो. इथे गुणाकार 3.9 येतो. मी 1.2 च धरतो. पाईपवर दर मीटरला 123 न्यूटन. अँटेनाचं वाऱ्याला भिडणारं परिणामी क्षेत्रफळ बनवणाऱ्याच्या माहितीपत्रकात असतं. तुमच्या यागीला 0.5 चौरस मीटर धरू. टोकाला 575 न्यूटन.

पोल फक्त तळाशी धरला, तर पायथ्याशी वाकवणारा मोमेंट (जोर गुणिले अंतर) 5.7 किलोन्यूटन-मीटर होतो. सुरक्षेचा दीडपटीचा गुणक लावला की 8.5. त्या पाईपची ताकद, 240 मेगापास्कल यील्डचं (इतक्या ताणापर्यंत कायमचं न वाकणारं) चांगलं पोलाद धरूनही, 6.3. नापास. चार इंची म्हणजे 100 एनबी, 4.5 मिलिमीटर जाडीचा घेतला तर वारा थोडा जास्त खातो, मोमेंट 9.4 होतो, पण ताकद 11.8 आहे. पास.

बरेच सल्लागार इथे थांबतात : "चार इंची घ्या." खरी अडचण इथून पुढे आहे.

त्या 9.4 ला प्लेटखालच्या बोल्टनी धरायचं आहे. एक फुटाच्या प्लेटवर बोल्टमधलं अंतर 220 मिलिमीटर धरा. वाऱ्याच्या बाजूच्या दोन बोल्टवर प्रत्येकी 21 किलोन्यूटन उपटणारा ताण येतो, म्हणजे दोन टनांच्या वर. वारा कोपऱ्याच्या दिशेने आला, आणि तो कधी तरी येणारच, तर एकट्या बोल्टवर तीन टन. आता तो बोल्ट कशात बसलाय ते पाहा. पुण्यातल्या जुन्या-नव्या बहुतेक गच्च्यांवर स्लॅबच्या वर ब्रिकबॅट कोबा असतो, चार ते सहा इंच, वर चायना मोझॅक किंवा टाईल. विटांचे तुकडे, मसाला, उतार. पाणी अडवायला उत्तम, पण तीन टन धरायला तो केलेलाच नाही. फॅब्रिकेटर ड्रिल मारतो, तीन-चार इंच आत जातो, फास्टनर ठोकतो, नट आवळतो. नट घट्ट बसतो, आणि सगळ्यांचं समाधान होतं.

हे तपासायला इंजिनियर लागत नाही. ड्रिल चालू असताना तिथे उभे राहा आणि भोकातून येणारी पूड बघा. आधी टाईलची पांढरी-करडी पूड येते. मग लालसर, विटकरी पूड. लाल पूड येतेय तोवर तुम्ही कोब्यात आहात. करडी, बारीक, कोरडी पूड सुरू झाली आणि मशिनचा आवाज बदलून जड झाला, की काँक्रीट लागलं. बोल्टची खोली तिथून मोजायची, टाईलच्या पृष्ठभागापासून नव्हे. आणि स्लॅब असतोच 125-150 मिलिमीटरचा. त्यात तीन टन धरेल एवढं खोल जायला गेलात तर सातव्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात उजेड पडेल. शिवाय कोब्याला पाडलेली चार भोकं म्हणजे पुढच्या पावसाळ्यातली गळती. ते भांडण पोलाच्या भांडणापेक्षा लांबतं.

मग करायचं काय? तुमच्या गच्चीच्या मध्याकडे जिन्याची किंवा लिफ्टची केबिन असेलच. तिचे कोपऱ्यांतले आरसीसी कॉलम शोधा. पोल तिथे भिंतीलगत उभा करा आणि दोन जागी पकडा, एक ब्रॅकेट गच्चीच्या फरशीपासून 0.4 मीटरवर, दुसरं 2.4 मीटरवर. आता मोकळा लोंबणारा भाग 3.6 मीटरच उरला. वरच्या ब्रॅकेटजवळचा मोमेंट गुणकासह 4.3 येतो. म्हणजे तोच तीन इंची पाईप, जो मघाशी नापास झाला, इथे आरामात पास. वरच्या ब्रॅकेटवर येणारा आडवा जोर सुमारे 390 किलो, तो चार बोल्टमध्ये वाटला की प्रत्येकी शंभर किलोच्या आत. दोन-तीन टनांवरून शंभर किलोंवर आलो, पाईप न बदलता, नुसती पकड बदलून.

एक अट मात्र सोडू नका. ब्रॅकेट कॉलमवर किंवा बीमवर हवं, मधल्या भिंतीवर नको. केबिनच्या भिंती वीट किंवा हलक्या ब्लॉकच्या असतात, ब्लॉकमध्ये फास्टनर हाताने ओढला तरी निघतो. प्लास्टरखाली कॉलम कुठे संपतो ते ठोकून कळतं, खात्री नसेल तर प्लास्टरचा छोटा तुकडा काढून बघा. पाण्याच्या टाकीच्या भिंतीला हात लावायचा नाही. गच्चीच्या कठड्याला तर अजिबातच नाही. चार इंची विटांचा कठडा स्वतःचा तोल सांभाळतो हेच खूप. दोन कठड्यांत आडवा अँगल टाकून त्यावर पोल चढवलेले मी पाहिलेत, आणि त्याखाली मुलं सायकल चालवताना पाहिलीत.

केबिनवर जागाच नसेल तर दुसरा मार्ग : गच्चीखालच्या कॉलमच्या बरोबर डोक्यावर कोबा फोडायचा, कॉलममध्ये केमिकलने सळया बसवायच्या, वर आरसीसीचा ठोकळा ओतायचा, त्यात फाउंडेशन बोल्ट आधीच सोडायचे आणि भोवतीचं वॉटरप्रूफिंग नव्याने करायचं. खर्चिक आहे, पण चोख आहे. केमिकल अँकरची सगळी ताकद भोक किती साफ केलंय त्यावर असते : हवा मारा, ब्रश फिरवा, पुन्हा हवा मारा, पुन्हा ब्रश. पूड राहिली तर केमिकल पुडीला चिकटतं आणि बोल्ट हातात येतो.

"भोकं नकोत, फ्रेम ठेवून वर वजन टाकू," असंही सुचवलं जाईल. हिशेब करून बघा. चार इंची पाईपसाठी दोन बाय दोन मीटरची फ्रेम धरली तर उलटू नये म्हणून जवळजवळ 1070 किलो वजन लागतं. चार चौरस मीटरवर ते दर चौरस मीटरला 270 किलोच्या आसपास गेलं. लोक वावरतात अशी गच्ची साधारण 150 किलोच्या वापर-भारासाठी धरलेली असते. एक मीटरच्या छोट्या पोलाला, डिशला ही पद्धत ठीक. इथे नाही.

तारांचे ताण देणार असाल तर तीन दिशांना, 120 अंशांवर, आणि तिन्ही टोकं आरसीसीत. एक टोक कठड्याच्या हुकाला बांधलं की तेच आधी सुटतं आणि पोल उरलेल्या दोघांच्या बाजूला आडवा होतो. तारेच्या क्लिपांचं खोगीर ताण घेणाऱ्या लांब तारेवर हवं, यू-बोल्ट मोकळ्या शेपटीवर. हे उलटं लावलेलं मी जितक्यांदा बघतो तितकं सुलटं बघत नाही. टर्नबकलला (तार ताणायच्या आट्यांच्या फिरकीला) लॉकिंग वायर घाला, नाहीतर तो कंपनाने स्वतःच उलगडतो.

कंपनावरून आठवलं. सभासदांची एक तक्रार हमखास येते, की संध्याकाळी झुळूक असली तरी पोल गुणगुणतो. गोल पाईपमागे भोवरे आळीपाळीने दोन्ही बाजूंनी सुटतात, आणि त्यांची लय पोलाच्या स्वतःच्या लयीशी जुळली की पोल वाऱ्याच्या काटकोनात थरथरतो. फक्त तळाशी धरलेल्या, अँटेना न लावलेल्या 6 मीटरच्या 100 एनबी पोलाची लय सेकंदाला साधारण तीन आवर्तनं. ती जुळायला ताशी सहा-सात किलोमीटरचा वारा पुरतो. त्याच पोलाची दुसरी लय जुळते ताशी 40 च्या आसपास, म्हणजे जुलैतल्या कितीतरी दुपारी. यात पोल पडत नाही. पण प्लेटच्या वेल्डच्या कडेला रोज हजारो वेळा ताण उलटसुलट होतो आणि तिथे केसाएवढी तडा जाते. म्हणून पोल उभा करून अँटेना "पुढच्या महिन्यात" लावू, असं करू नका. नागवा पोल जास्त थरथरतो. वेल्ड पाईपभोवती पूर्ण गोल हवा, चार ठिकाणी टाके नकोत. त्रिकोणी गसेट (पाईप आणि प्लेटमधले आधाराचे पत्रे) लावले तर त्यांची वरची टोकं निमुळती हवीत, कारण तडा बहुधा तिथूनच सुरू होते.

पाईप घेताना बिलावर मानक लिहून घ्या. दुकानातला "जीआय पाईप" आयएस 1239 चा असतो, तो मुळात पाणी-वाफेच्या नळांसाठी. पिवळा पट्टा हलका, निळा मध्यम, लाल जड. पिवळा नकोच. मिळाला तर आयएस 1161 चा घ्या, तो बांधकामासाठीचा आहे आणि यील्डची हमी देतो. भंगारातून आणलेला, वरून चंदेरी रंग मारलेला पाईप "गॅल्वनाइज" म्हणून खपवला जातो. नखाने खरवडला की कळतं. वेल्डिंग आधी, हॉट-डिप गॅल्वनायझिंग नंतर. नंतर साईटवर वेल्ड मारला तर तिथला जस्ताचा थर जळतो, तिथे निदान झिंकयुक्त प्रायमर हवा. वरच्या टोकाला टोपी आणि तळाशी पाणी निघायला भोक. पोल आतून सडतो, प्लेटच्या वरच्या चार इंचांत, आणि बाहेरून रंग छान दिसत असतो. हातोडीने ठोकत खाली या. आवाज मधेच बद्द झाला तर जाडी मोजणारं मशिन बोलवा.

अँटेनाची गोष्ट इथे संपते, पण पोलाची नाही. उभा पोल दिसला की लोकांना काहीतरी लटकवायचं सुचतं. गणपतीत मंडळाचा बॅनर, मग सीसीटीव्ही, मग कुणाची वायफायची डिश. एक बाय दोन मीटरचा बॅनर चार मीटर उंचीवर लावला तर त्याचा एकट्याचा मोमेंट 11 किलोन्यूटन-मीटर होतो, दीडपटीशिवाय. तुमचा पूर्ण अँटेना आणि पाईप मिळून त्याच्या जेमतेम अर्धे होतात. जुन्नर तालुक्यात खोडद आणि आसपासच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस डिश आहेत, प्रत्येकी 45 मीटर व्यासाची. त्या भरीव पत्र्याच्या नाहीत, तारांच्या जाळीच्या आहेत. जाळीतून वारा निघून जातो म्हणून तो एवढा पसारा हलक्या सांगाड्यावर आणि परवडणाऱ्या खर्चात उभा राहिला. भरीव पत्रा आणि जाळी यांतला हा फरक तुमच्या गच्चीवरही तितकाच खरा आहे. परवानगीच्या ठरावात एक ओळ घाला : पोलावर मंजूर अँटेनाखेरीज काहीही लावायचं नाही.

विजेचं थोडक्यात : पोल, अँटेनाच्या केबलचं कवच आणि इमारतीचं अर्थिंग एकमेकांना जोडलेलं हवं, सरळ पट्टीने. आणि पोल कोणत्याही बाजूला आडवा झाला तरी विजेच्या उघड्या तारांवर जाणार नाही, अशी जागा निवडा. गच्चीच्या मध्याकडची केबिन त्या दृष्टीनेही बरी. पोल पडलाच तर गच्चीतच पडतो, रस्त्यावर नाही.

सभासदांकडून हॅम परवान्याची प्रत घ्या, आणि स्ट्रक्चरल इंजिनियरचं सहीचं एक पान. त्या पानावर मला हे दिसायला हवं : धरलेला वाऱ्याचा वेग आणि भूभाग, अँटेनाचं क्षेत्रफळ, पाईपचा व्यास-जाडी-मानक, ब्रॅकेट नेमक्या कोणत्या कॉलमवर, बोल्टचा व्यास आणि काँक्रीटमधली खोली. "स्ट्रक्चर सेफ आहे" एवढंच लिहिलेलं पत्र परत पाठवा. दर वर्षी मेच्या पहिल्या आठवड्यात नट, वेल्ड, गंज आणि ओळंबा बघायची जबाबदारी सभासदांची, आणि बघितल्याची नोंद सोसायटीच्या वहीत.

उतरवण्याचंही आत्ताच लिहून ठेवा, कारण ते कोणीच लिहीत नाही. ऑक्टोबर 2018 मध्ये पुण्यात जुना बाजार चौकाजवळ होर्डिंग पडलं ते वाऱ्याने नाही, काढण्याचं काम चालू असताना. चार जण गेले. पोल काढताना आधी अँटेना उतरवायचा, मग पोल वरून दोराने धरून ठेवायचा, आणि त्यानंतरच ब्रॅकेट सैल करायचे, खालचं आधी, वरचं शेवटी. गॅस कटरने तळाशी कापायला कोणी आला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.